दोन बॅटऱ्यांचा लॅपटॉप

माझ्या आत्यासमोर कोणी नवा, पातळ, चकचकीत लॅपटॉप दुरुस्तीला आणून ठेवला की ती त्याला हातसुद्धा लावायची नाही. "हा उघडतो कुठून?" एवढंच विचारायची. गिऱ्हाईक गोंधळून लॅपटॉप उलटासुलटा करायचं. स्क्रू कुठेच नसायचा. "नाही ना उघडत? सगळा डिंकाने चिकटवलाय. मग मी काय नुसतं याचं तोंड बघू?" आणि गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवरून परत.

तिला जुने लागायचे. एके काळी कंपन्यांच्या साहेबांच्या टेबलावर मिरवलेले, जाडजूड, काळे, दगडासारखे. खाली स्क्रू, आत धातूचा सांगाडा, आणि कीबोर्ड असा की बोट ठेवलं की कळ स्वतःहून वर यायची. असे लॅपटॉप वापरणारी माणसं अजून आहेत. एक वकीलबाई होत्या, त्यांना दुसऱ्या कुठल्या कीबोर्डवर मुद्दे सुचायचे नाहीत. एक जमीन मोजणारे सर्व्हेअर होते, त्यांचं मोजणीचं यंत्र फक्त जुन्याच भोकात बसायचं. ही सगळी मंडळी आत्याचे टोमणे निमूटपणे ऐकून घ्यायची, कारण दुसरीकडे कुठे जाणार? नवे भाग मिळत नाहीत. आत्याच्या मागच्या फळीवर मेलेले लॅपटॉप उभे असत. एकाचा बिजागर दुसऱ्याला, दुसऱ्याचा पडदा तिसऱ्याला, असं तिचं चालायचं.

तिच्या दुकानाला लागूनच माझं ऑफिस. मी गाडी चालवायला शिकवते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक मारायचा हा माझा धंदा, त्यामुळे माझं डोकं जरा तापलेलंच असतं, हे आधीच सांगून ठेवते. दुपारी शिकाऊ लोक जेवायला गेले की मी आत्याकडे डबा घेऊन बसायची. डाग देताना जळणाऱ्या राळेचा आणि स्पिरिटचा वास, टेबलावर भिंग, आणि कोपऱ्यात तो लॅपटॉप.

तो काकांचा. आत्याचे यजमान. काका गेले त्या दिवसापासून तो बंद झालेला नव्हता.

काका एका गोदामात हिशेब तपासायचे, पण जीव या काळ्या लॅपटॉपमध्ये. स्कूटर घ्यायला साठवलेल्या पैशांतून त्यांनी तो घेतला आणि पुढे जन्मभर बसने फिरले. आत्या कामाला बसली की मान वर करत नाही, पाणी पीत नाही, हे बघून त्यांनी एक छोटा प्रोग्राम लिहिला. स्वतःच्या आवाजात वाक्यं भरली आणि लॅपटॉप तिच्या टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवून दिला. अधूनमधून, त्याच्या मनाला येईल तेव्हा, तो एखादं वाक्य काढायचा.

"अगं, मान वर कर. ते मशीन पळून जात नाहीये."

"पाणी पी. धुराने पोट भरत नाही."

"डोळे मीट आणि दहापर्यंत मोज. फसवू नकोस, मी मोजतोय."

एक वाक्य तर निव्वळ खोडी होती. "बघ, दारात कोण आलंय!" आत्या दचकून वर बघायची, दारात कोणी नसायचं, पण तेवढीच मान वर झाली. काका घरी आल्यावर "किती वेळा फसलीस?" विचारून हसत सुटायचे. एकूण वाक्यं किती, हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. "सांगितलं तर तू पाठ करशील आणि ऐकणार नाहीस," म्हणायचे.

आत्या हळूच बघून ठेवेल म्हणून त्यांना त्यावर कुलूप हवं होतं. ते कुलूप तिच्याकडूनच बसवून घेतलं. पासवर्ड त्यांनी तिच्याकडे पाठ करून टाकला, बाकी सगळं तिने केलं. डिस्कवरचं अक्षर न् अक्षर कुलपात, चार चुकीचे पासवर्ड टाकले की लॅपटॉप आपोआप बंद, आणि एकदा बंद झाला की पासवर्डशिवाय परत सुरू होणे नाही. काम चोख झालं म्हणून ती खूश. "हे आता कुणाच्या बापाला उघडणार नाही," असं ती काकांना म्हणाली होती. मी तिथेच होते. आम्ही तिघंही हसलो होतो.

एका सकाळी काकांनी पडद्यावर कुलूप लावलं, "आलोच" म्हणाले आणि बस पकडायला गेले. बसथांब्यावरच कोसळले. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

त्या दिवशी दुपारी आम्ही सगळे दुकानामागच्या त्यांच्या राहत्या खोलीत बसलो होतो. माझे बाबा, म्हणजे आत्याचे धाकटे भाऊ, तिचा हात धरून होते. आणि बाहेरच्या रिकाम्या दुकानातून काकांचा आवाज आला. "दार उघड जरा. हवा येऊ दे." कोणी हललं नाही. आत्या उठली, जाऊन दार उघडलं आणि परत येऊन बसली.

तेव्हापासून तो लॅपटॉप तिने जिवंत ठेवला. जिवंत हाच शब्द ती वापरायची. त्या लॅपटॉपला बॅटऱ्या दोन, एक मागे आणि एक सीडी घालायच्या खाचेत. एक काढली तरी दुसरी तोलून धरते. वीज गेली की बॅटरी, बॅटरी थकली की दुसरी, तोवर पहिलीत नवे सेल भरून तयार. चार्जर बदलले, वायर बदलली, प्लग बदलला. पडद्यावर कायम तीच पासवर्डची रिकामी चौकट, आणि त्यात ती कधीच काही टाकायची नाही. ती कुठे गावाला गेली नाही. माझ्या लग्नालाही जेवणापुरती आली आणि परत फिरली. मला राग आला होता, तो मी बोलूनही दाखवला. "तुझ्या नवऱ्याला सांग, माझाही नवरा घरी एकटा आहे," असं म्हणाली.

मी काही कमी डोकं लढवलं नाही. फोन घेऊन बसले, काकांची वाक्यं एकेक करून रेकॉर्ड केली आणि तिला ऐकवली. म्हटलं, "हे घे. आता तो डबा बंद झाला तरी आवाज राहील."

तिने शांतपणे सगळं ऐकलं. मग म्हणाली, "ही मला पाठ आहेत. यात न ऐकलेलं आहे का एखादं?"

"न ऐकलेलं कुठून येणार? इतकी वर्षं झाली."

"मागच्या उन्हाळ्यात एक नवीन आलं होतं. 'चष्मा पूस' म्हणाले. आधी कधीच म्हणाले नव्हते. चष्मा खरंच मळला होता गं."

म्हणजे असं होतं तर. ती आठवणींना धरून बसलेली नव्हती. काकांचं बोलणं अजून संपलेलं नाही, असं तिचं म्हणणं होतं. आणि ते संपलेलं आहे हे तिला पटवून देता येईल असा पुरावा माझ्याकडे नव्हता. बाबा म्हणायचे, "ताई, गेलेल्या माणसाला असं टांगून ठेवू नये." ती म्हणायची, "मी कुठे टांगलंय? ते बोलतायत, मी ऐकतेय."

खरं सांगायचं तर मला तो आवाज नकोसा झाला होता. भिंतीपलीकडून तो माझ्या ऑफिसात ऐकू यायचा. फॉर्म भरताना मध्येच "मी मोजतोय" असं कानावर आलं की माझा हात थांबायचा.

मग त्या लॅपटॉपचा पंखा आजारी पडला. आधी नुसती घरघर, मग खर्रर्र, मग थोडा वेळ गप्प आणि पुन्हा खर्रर्र. पंखा थांबला की आतली चिप तापणार, आणि फार तापली की लॅपटॉप स्वतःला वाचवायला बंद होणार. पंखा बदलायचा तर लॅपटॉप बंद करावा लागतो. कुणीही शिकाऊ कारागीर हेच सांगेल.

"चालू ठेवूनच करायचं," आत्या म्हणाली.

"वेड लागलंय तुला."

"लागलंय तर लागलंय. तू दिवा धरशील का नाही, ते सांग."

तिची नजर अधू झाली होती. इतकी वर्षं भिंगातून बघून डोळ्यांची पार वाट लागलेली. नाहीतर तिने मला विचारलंही नसतं. फळीवर त्याच जातीचे मेलेले लॅपटॉप होते. त्यांतले जे थोडी धुगधुगी धरून होते, ते सुरू करून तिने सराव चालवला. लॅपटॉप दोन लाकडी ठोकळ्यांवर उचलून धरायचा, खालून स्क्रू सोडायचे, कीबोर्ड उचलून त्याची पट्टी न तोडता पुढे पालथा घालायचा. खाली पंखा दिसतो. त्याची पाती लोहचुंबकाच्या जोरावर आसात बसलेली असतात, चिमट्याने सरळ वर ओढली की निघतात. आस पुसायचा, तेलाचा थेंब सोडायचा, पाती परत बसवायची. तेवढ्या वेळात चिप तापू द्यायची नाही. सरावातले काही लॅपटॉप मध्येच पटकन काळे पडले. ती पुढचा घ्यायची.

ज्या दिवशी करायचं ठरलं त्या दिवशी मी सकाळचे सगळे शिकाऊ पुढे ढकलले. दुकानाचं शटर अर्ध्यावर. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताने टेबलफॅन त्या उघड्या लॅपटॉपवर धरलेला. आत्याने कीबोर्ड पालथा घातला, चिमटा आत नेला आणि पाती उपसली. घरघर थांबली. ती शांतता मला सहन होईना.

तिने आस पुसला, थेंब सोडला. आणि पाती परत नेताना तिच्या बाहीत अडकलेला एक बारीक स्क्रू टपकन आत बोर्डावर पडला.

"हलू नकोस," ती म्हणाली. "फॅन बाजूला घे. वाऱ्याने सरकला तर संपलं."

फॅन बाजूला घेतला, म्हणजे आता तापायला मोकळं रान. स्क्रू दोन चकाकत्या टोकांच्या अगदी मध्ये पडला होता, दोन्हींना टेकला की शॉर्ट. तिने एका लाकडी काडीच्या टोकाला मेण लावलं आणि वाकली. तिला तो दिसत नव्हता, हे माझ्या लक्षात आलं. "डावीकडे," मी म्हटलं. "अजून. आता खाली." मी शिकाऊंना सांगते तशीच सांगत होते, फक्त ब्रेक माझ्या पायाखाली नव्हता.

आणि तेवढ्यात लॅपटॉप बोलला. "अगं, मान वर कर. ते मशीन पळून जात नाहीये."

"आत्ता नाही हो!" आत्या खेकसली.

स्क्रू मेणाला चिकटून वर आला. पाती बसली, गरकन फिरली, आवाजच येईना इतकी छान फिरली. आत्या खुर्चीत मागे रेलली. मी तिला पाणी दिलं. इतकी वर्षं त्या लॅपटॉपच्या नावाने बोटं मोडणारी मी, त्या दिवशी मला रडू फुटलं. तो वाचला म्हणून आनंद झाला होता आणि आनंद झाला म्हणून स्वतःचाच रागही आला होता.

पुढच्याच आठवड्यात ती डोळे तपासून घ्यायला तयार झाली. बाबा तिला घेऊन गेले. "तू इथे बस, वीज गेली तर बघ," असं मला बजावून गेली. मी बसले. गाडीच्या परवान्याचे कागद तपासत होते.

लॅपटॉपमधून आधी नुसती खरखर आली. मग काकांनी घसा साफ केला. मी वर बघितलं, कारण ही सुरुवात माझ्या ओळखीची नव्हती.

"अगं, ऐक," काका म्हणाले. "संध्याकाळ झाली असेल तर आता..."

आणि मागून एका बाईचा आवाज. लांबून, आतल्या खोलीतून. "अहो, किती वेळ त्या डब्याशी बोलत बसणार आहात? घरात एक जिवंत माणूस आहे म्हटलं!"

काका हसले. "अगं थांब ना, रेकॉर्ड होतंय."

"होऊ दे!" ती बाई म्हणाली, आणि तीही हसली, आणि मग खट्.

ती आत्या होती. पण मी कधीच न ऐकलेली आत्या. मी ओळखत होते ती टोमणे मारायची, ही लाडात आली होती. मी कागदांशेजारचा फोन बघत राहिले. रेकॉर्ड करायला तो मी उघडलासुद्धा नव्हता. जे वाक्य ऐकायला ती इतकी वर्षं त्या टेबलापाशी बसली, ते ती उठून गेल्यावर आलं आणि माझ्या पदरात पडलं.

ती परत आली तेव्हा डोळ्यांत औषध घातलेलं, सगळं धूसर. बाबा तिला सोडून लगेच निघून गेले. मी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं, अक्षर न् अक्षर.

"मी असं कधी म्हणाले?"

"ते मला काय माहीत? तुझाच आवाज होता."

"तू हे रचलंयस," ती म्हणाली. "डबा बंद करावा म्हणून. जिवंत माणूस म्हणे. हे तुझे शब्द आहेत, तुझ्या बाबांचे आहेत."

मी भडकले. मी शपथा घेतल्या, आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्या लॅपटॉपच्या बाजूने भांडत होते आणि ती विश्वास ठेवायला तयार नव्हती. शेवटी मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "मी रचलं असतं तर तुला हसायला कशाला लावलं असतं? शेवटी तू हसलीस, आत्या."

ती एकदम थांबली. "कशी हसले?"

"मला नाही करून दाखवता येत."

"कुणाला सांगू नकोस," ती म्हणाली. "लोक हसतील." आणि खुर्ची लॅपटॉपच्या जवळ ओढून घेतली. "परत येईल. थांबू."

त्यानंतर तिने काम जवळजवळ सोडलंच. सर्व्हेअर यायचे, वकीलबाई यायच्या, ती त्यांना परत पाठवायची. आधी ती काकांचा आवाज यायची वाट बघायची, आता काकांचा आवाज आला की चेहरा पडायचा. एकदा मी विचारलंच. म्हणाली, "त्यांचा आवाज मला झोपेतही ऐकू येतो गं. ते असताना माझा आवाज कसा होता, तेच आठवत नाही."

मी रोज तिच्यापाशी बसायला लागले. फोन आता कायम उघडा, रेकॉर्डिंग चालू. "चष्मा पूस" आलं, "पाणी पी" आलं, बाकीची सगळी आली. ते नाही आलं. दुखणं डोळ्यांवरून तब्येतीवर गेलं, तब्येतीवरून छातीवर, आणि थंडीत तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. मी गेले की पहिला प्रश्न, "आलं का?"

हो म्हणायला काय जात होतं! पण मला ते म्हणता येईना. एका दुपारी ती म्हणाली, "तू म्हणून दाखव. मी म्हणाले होते तसं." मी आजूबाजूच्या खाटांकडे बघितलं आणि म्हणून दाखवलं. अहो, किती वेळ त्या डब्याशी बोलत बसणार आहात.

"इतकी चिडले होते मी?"

"नाही, इतकी नाही. मला तसं नाही जमत."

"हसूनही दाखव."

मी हसून दाखवलं. फार वाईट झालं ते. तिने माझा हात थोपटला, पण कान दुसरीकडेच होते. त्याच आठवड्यात ती गेली.

दुकान रिकामं करायचं ठरलं तेव्हा बाबा आले. फळीवरचे लॅपटॉप वकीलबाई आणि सर्व्हेअर यांनी वाटून घेतले होते. कोपऱ्यातला तेवढा चालू होता. मी सकाळीच त्याची मागची बॅटरी बदलली होती. बाबांनी त्याच्याकडे बघून हात जोडले आणि म्हणाले, "चला. आता दोघांनाही सुटू दे." आणि बटणाकडे बोट नेलं.

मी त्यांचं मनगट धरलं. इतकं घट्ट धरलं की ते माझ्याकडे बघतच राहिले.

"बाबा, आत्या आहे यात."

"काय बोलतेस?"

तिने कुणाला सांगू नको म्हटलं होतं. मी सांगितलं. खरखर, काकांचा घसा, लांबून आलेला तिचा आवाज, ते "होऊ दे!", ते हसणं. बाबांनी बोट मागे घेतलं, शर्टाला पुसलं.

"लग्नाआधी ती खूप हसायची," ते म्हणाले. "घर डोक्यावर घ्यायची. मला आता तेही नीट आठवत नाही." मग विचारलं, "कधी येतं ते वाक्य?"

"काही सांगता येत नाही."

बाबांनी खुर्ची ओढली आणि बसले.